सोमवारचा अहवाल

हे मी पुण्यात आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. नऊ वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका व्यवसाय प्रशिक्षण केंद्राची पाहणी करून मी एक अहवाल लिहिला होता. त्यात एका प्रशिक्षणार्थी मुलीच्या तोंडचं म्हणून एक वाक्य छापलेलं आहे, अवतरणचिन्हांत: "सर पट्टी आमच्या हातात देतच नाहीत, आम्ही नुसतं बघत बसतो." हे वाक्य कुठल्याही मुलीनं म्हटलेलं नाही. लॉजच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून, ते मी तयार केलं.

माझं काम असं की, हाताचं कौशल्य शिकवणारे जे अभ्यासक्रम चालतात ते कितपत उपयोगी पडतात, शिकलेल्यांना पुढे काम मिळतं का, हे जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं. पुण्यातल्या एका संस्थेत मी हे करत आलो आणि करत करत वरच्या खुर्चीत जाऊन बसलो. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे नव्या मुलामुलींचं प्रशिक्षण होतं. एक तरुण सहकारी अहवाल जिवंत कसा करावा ते शिकवत होती आणि नमुना म्हणून तिनं पडद्यावर माझंच वाक्य लावलं. एका वाक्यात सगळा वर्ग डोळ्यांपुढे उभा राहतो, असं ती म्हणाली. मुलं उतरवून घेत होती. मग तिनं शेवटच्या रांगेत बसलेल्या मला विचारलं, सर, त्या मुलीचं नाव आठवतं का? मी म्हणालो, नाव गुप्त ठेवायचं असतं. सगळे आदरानं हसले.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि घरी ऑफिसचं काम आहे असं सांगून कोल्हापूरची बस धरली. म्हणजे हा प्रवासही थापेनंच सुरू झाला.

त्या वेळी काय झालं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. अभ्यासक्रम होता लाकडी पॅटर्न बनवण्याचा. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने पुष्कळ. पंपाचा किंवा इंजिनाचा भाग ओतायचा तर आधी तंतोतंत तसाच लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. मला दोन दिवस दिले होते. पहिला दिवस सोमवार. सकाळी केंद्रात गेलो तर वर्ग रिकामा, एकटे दस्तगीर मिस्त्री बसलेले. तेच शिकवायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक पोलादी पट्टी डोकावत होती आणि बोलताना ते सारखे तिच्यावर हात ठेवत. आज सुट्टी हाय, उद्या या, पोरं असतील, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि यादीतली मुलं वर्गाबरोबर जिथे काम करत त्या कारखान्यांचे पत्ते शोधत उद्यमनगरात हिंडलो. दिसेल त्या शटरला कुलूप. मी नोंद केली: कारखाने बंद आढळले, मुलांना काम नाही.

संध्याकाळी लॉजच्या मॅनेजरनं सांगितलं, "सोमवारी समदं बंदच असतंय की, पावणं. आठवड्याची सुट्टी."

तेव्हा खोडायला पेन्सिलीची नोंद होती. मी खोडली नाही. मंगळवारी भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला की जोतिबा इथनं जवळ आहे, आणि मी डोंगरावर गेलो. गुलालानं माखलेल्या कपाळाचा माझा तिथला फोटो आमच्या दिवाणखान्यात अजून आहे. अहवालात त्याच तारखेला 'प्रशिक्षणार्थींच्या सविस्तर मुलाखती' असं आहे. मुलाखती मी त्या संध्याकाळी लॉजवर एकट्यानं भरल्या. मिस्त्रींच्या खिशातली पट्टी आठवली, त्यावरून ते वाक्य सुचलं. मुलीच्या नावावर घातलं, कारण मुलींचं मत घेतलेलं वर आवडतं. वर्षभरात अभ्यासक्रम बंद झाला.

उद्यमनगर, मंगळवार

या वेळी वार बघून गेलो. उतरल्यावर पहाटे दूध कट्ट्यावर थांबलो. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. पिशवीचं दूध गरम करून पिणारा मी, मला अर्धाच पेला गेला. दूधवाला माझ्याकडे बघत राहिला. टाकायचं नसतंय, एवढंच तो म्हणाला. मी नाक मिटून संपवलं.

उद्यमनगरात त्या दिवशी कानठळ्या बसत होत्या. नऊ वर्षांपूर्वी मी ज्या गल्लीला मेलेली ठरवली होती, तिथे लेथ, ग्राइंडर, हातोडे, शिव्या, सगळं एकदम चालू. जुन्या यादीतला पहिला पत्ता तानाजीचा. माझ्या अहवालात तानाजी 'काम नाही' या रकान्यात आहे. तो आता तिथेच, स्वतःच्या कारखान्यात, सागवानाचा एक जाडजूड पंख्यासारखा नमुना कानशीनं घासत बसला होता. तीन माणसं हाताखाली. मी पुण्याहून आलोय, जुन्या अभ्यासक्रमाची माहिती हवी आहे, एवढंच सांगितलं. नाव सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. आधी चहा सांगितला, मग जेवलासा का विचारलं, मग कशासाठी आलासा ते.

"त्यो कोर्स बुडवला त्यो सोमवारच्या सायबानं," तानाजी म्हणाला. "सोमवारी उद्यमनगरात आला आणि म्हणतोय, कारखानं बंद पडल्यात. म्हंजे रविवारी शाळंत जायाचं आणि मास्तर वारला म्हणून लिवायचं."

लेथवरचा माणूस हसला. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगितली असावी, कारण कुठे हसायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मीसुद्धा हसलो. हे लिहिताना कान तापतात, पण मी त्यांच्यात बसून, त्यांचा चहा पीत हसलो.

मग त्यानं मंगळवारचं सांगितलं. मिस्त्रींनी सगळ्यांना धुतलेले कपडे घालून बोलावलं होतं. प्रत्येकानं केलेला नमुना टेबलावर मांडला, खाली नावाची चिठ्ठी ठेवली. साहेबासाठी म्हणून मिस्त्रींनी जयसिंगपुरातनं भडंग मागवली होती. दोन वाजले, तीन वाजले, पोरं गेटापर्यंत जाऊन बघून येत होती. पाच वाजता मिस्त्रींनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि भडंग पोरांनी खाल्ली.

"सगळी आलती, एक शुभांगी सोडून," तो म्हणाला. वर्गात मुलगी ती एकटीच. अहवाल छापून आला आणि त्यात मुलीचं वाक्य निघालं, तेव्हा मिस्त्रींनी हिशेब मांडला: मंगळवारी साहेब केंद्रात आला नाही, शुभांगीही आली नाही, म्हणजे दोघं बाहेर कुठं भेटले. तिनं शपथ घेतली, ती त्यांना पटली नाही. कोर्स संपताना मिस्त्रींनी त्यांची पट्टी तिला दिली होती. एवढ्या वर्षांत कुणाला दिली नव्हती. ती त्यांनी परत मागून घेतली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

मला हे माहीत नव्हतं. कोर्स बंद झाला, एका कंत्राटी माणसाचं काम गेलं, इतपत मी मनात धरलं होतं आणि त्याची सवयही करून घेतली होती. एका वाक्यानं दोन माणसं तुटली असतील, हा विचार मला नऊ वर्षांत एकदाही शिवला नव्हता.

तानाजीनं दोघांचे पत्ते दिले. निघताना म्हणाला, "कोर्स परत चालू करायचा आसंल तर करा. पण मिस्त्रींला आता दिसत न्हाय नीट. उशीर केलासा."

जयसिंगपूर, बुधवार

जयसिंगपूरचे रस्ते आखून काढल्यासारखे सरळ आहेत, त्यामुळे चुकायचं कारण नव्हतं. तरी मी दोनदा मिस्त्रींच्या घरावरून पुढे गेलो. तिसऱ्या वेळी दारातल्या सुनेनंच हाक मारली, कुणाकडं आलासा? मी आवाज चढवून आत ऐकू जाईल असं सांगितलं की पुण्याहून आलोय, मिस्त्रींना भेटायचंय.

दस्तगीर मिस्त्री कॉटवर बसले होते. सत्तरी उलटलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला जाड भिंग. या, बसा, म्हणाले. नाव विचारलं नाही. जेवल्याशिवाय बोलायचंच नाही असं सुनेनं ठरवून टाकलं. भाकरी, वांग्याचं कालवण, दही. पुण्यात मी कुणाच्या घरी माहिती घ्यायला जातो तेव्हा पाण्याचा पेला आणि घड्याळाकडे नजर अशी सोय असते. इथे मला वाढणाऱ्या बाईला मी कोण हे ठाऊक नव्हतं आणि त्यानं तिचा हात अडत नव्हता. मला प्रत्येक घास मोजून गिळावा लागला.

जेवणानंतर मी विचारलं की पट्टीचं काय प्रकरण असतं. मिस्त्रींनी उशाखालून कापडाची गुंडाळी काढली. आत दोन पोलादी पट्ट्या. त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, यातली बाजारातली कुठली ते सांगा.

मी खिडकीपाशी जाऊन बघितल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. अंदाजानं एक पुढे केली. ती चुकीची निघाली.

बीड निवताना आकसतं, म्हणून लाकडी नमुना किंचित मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पट्टीच वेगळी असते. तिचा प्रत्येक सेंटिमीटर केसभर मोठा. मिस्त्री दोन्ही पट्ट्या कडेला कडा लावून अंगठ्याचं नख टोकावरून फिरवत होते. डोळ्यांचं काम आता नखानं. वर्गात दोन्ही पट्ट्या एकत्र पडल्या आणि पोरानं बाजारातली उचलली, तर महिन्याभराचं काम ओतल्यावर लहान निघतं, फेकूनच द्यावं लागतं. म्हणून ते ती पट्टी खिशात ठेवत. ज्याला नुसत्या बोटानं फरक कळेल, त्याच्याच हातात देत.

"शुभांगीला पंधरा दिसांत कळाय लागलं," ते म्हणाले. "तानाजीला आजून कळत न्हाय. पर धंदा झ्याक करतोय."

म्हणजे माझं वाक्य अर्धं खरं होतं, आणि त्यामुळेच ते इतकं चिकटलं. सर पट्टी देत नाहीत, हे खरं. का देत नाहीत, हे विचारायला मी मंगळवारी यायला हवं होतं.

सुनेनं ताटलीत भडंग आणून ठेवली. लसूण आणि मिरचीचा वास. मिस्त्रींनी ताटली चाचपून माझ्याकडे सरकवली.

"खावा," ते म्हणाले. "मागच्या बारीला ऱ्हायली हुती."

दारात माझा आवाज ऐकला तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. ओळखून जेवू घातलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. सोमवार, लॉज, जोतिबा, भरलेले कागद, ते वाक्य. मधे थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते आणि बोटं पट्टीवरून मागेपुढे फिरत होती.

"म्हंजे तिला तुमी भेटलाच न्हाय," ते म्हणाले.

"नाही."

"फोनवर?"

"कधीच नाही, मिस्त्री. यादीतलं तिचं नावही मी नीट वाचलं नव्हतं."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाले, "दोन येळा आलती ती हितं. ईदीला आलती एकदा. मी आत घेटलं न्हाय."

मग एक पट्टी त्यांनी कापडात गुंडाळली, घडी नीट बसवली आणि माझ्यापुढे धरली. "ही तिला नेऊन द्या. मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

कागल, गुरुवार

कागलच्या औद्योगिक वसाहतीत कुठलाही कारखाना दारातून कारखान्यासारखा दिसत नाही. काचेचा दरवाजा, रजिस्टरमध्ये सही, गळ्यात अडकवायला कार्ड. पॅटर्न विभाग आत. तिथे लाकूड कापायला संगणकावर चालणारं मोठं मशीन आहे आणि त्याच्यापुढे शुभांगी उभी होती. तिशीची, केस घट्ट बांधलेले, खिशाला पेन्सिल. चार-पाच जण तिच्याकडे विचारायला येत-जात होते. माझ्या अहवालात हीसुद्धा 'काम नाही'.

तिनं चहा विचारला नाही. या जिल्ह्यात तीन दिवसांत मला चहा न विचारणारी ती पहिली. मी कोण ते सांगितल्यावर तिनं एका मुलाला मशीन बघायला सांगितलं, मला लाकडाच्या ढिगामागे नेलं आणि उभ्यानंच ऐकलं. मी कापडाची गुंडाळी पुढे केली. तिनं ती ओळखली. हात पाठीमागे घेतले.

"तुमच्या हातनं न्हाय घ्यायची," ती म्हणाली. "ज्यांनी काढून घेतली त्यांनी द्यायची."

मी म्हणालो, त्यांना तुमच्यापुढे यायची लाज वाटते.

"वाटू दे की. मला न्हाय वाटली दोनदा त्यांच्या दारात उभं ऱ्हायला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्या मंगळवारी मी कुठं गेलते, ठाऊक हाय का तुमाला? हितंच. ट्रायल द्यायला. दस्तगीर चाचांना सांगितलं न्हवतं. म्हटलं, काम लागलं की पेढंच घेऊन जावं."

ज्या दिवशी अभ्यासक्रम निरुपयोगी आहे असं मी लॉजवर बसून लिहीत होतो, त्या दिवशी त्याच अभ्यासक्रमातली मुलगी इथे, याच छपराखाली, काम मिळवत होती. मंगळवारी केंद्रात गेलो असतो तर कुणीतरी म्हटलं असतं, एक मुलगी आली नाही, आणि मी विचारलं असतं, का आली नाही. आमच्या धंद्यात एवढंच असतं. जाऊन विचारायचं.

"तुमचा राग न्हाय येत मला," ती म्हणाली. "तुमी कोण माझं? चाचांनी एकदा मला बसवून विचारलं असतं. तुमचं वाक्य खोटं व्हतं, पण ते त्यांनी खरं मानलं, ते तर खरंच हाय की."

जायच्या आधी, सवयीनं म्हणा, मी तिला विचारलं की आता मशीन सगळं कापतं, तर मिस्त्रींनी शिकवलेलं उपयोगी पडतं का. ती पहिल्यांदा जराशी हसली, माझ्या प्रश्नाला. आकसण्याचा आकडा संगणकात घालावा लागतो, म्हणाली. पण जाड भाग उशिरा निवतो, बारीक आधी. कुठे किती धरायचं हे संगणक तिलाच विचारतो. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर खाली येऊन तिलाच विचारतात. माझ्या प्रपत्रात या उत्तरासाठी रकाना नव्हता. अजूनही नाही.

मी पुन्हा एकदा माफी मागितली. तिनं ती हातानं बाजूला सारली, माशी हाकलावी तशी.

"तोंडी नको. छापून आलतं न्हवं ते? मग हे बी छापा. आणि जिथं ते वाक्य हाय तिथं लावा." मशीनकडे वळताना म्हणाली, "चाचांना सांगा, सोमवारी येते. सुट्टी असती."

पुन्हा जयसिंगपूर, शुक्रवार

गुंडाळी घेऊन मी परत गेलो. बसमध्ये ती मांडीवर धरली होती. शेजारच्या माणसानं विचारलं, पावणं, काय हाय त्यात, इतकं जपून? पट्टी आहे म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

मिस्त्रींनी पावलं ऐकून विचारलं, "घेटली न्हाय न्हवं?" आणि मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा, मला अपेक्षा होती तसा पडला नाही. मी बसतो तोवर त्यांनी गुंडाळी सोडून पट्टी बाहेर काढली, नखानं टोक तपासलं, माझ्याकडे चुकून दुसरी गेली नव्हती ना हे बघितलं असावं.

"सोमवारी येते म्हणाली," मी सांगितलं. "सुट्टी असते म्हणाली."

मिस्त्रींनी पट्टी मांडीवर ठेवली. मग सुनेला हाक मारून म्हणाले की सोमवारी कुठं जायाचं न्हाय, घरीच ऱ्हायाचं, आणि माझा पांढरा सदरा धुवून ठेव. मी निघालो तेव्हा हात पुढे केला, तो मी धरला, आणि त्यांनी तो लगेच सोडवून घेतला. त्यात राग होता की फक्त दुसरीकडे लक्ष होतं, मला ठरवता आलं नाही. ठरवायचा माझा हक्कही नव्हता.

सोमवारी मी पुण्यात ऑफिसात होतो. दिवसभर घड्याळ बघत होतो. ती गेली का, पट्टी तिच्या हातात पडली का, मला माहीत नाही. तानाजीचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. त्या दोघांमध्ये मी एकदा घुसलो तेवढं पुष्कळ झालं.

घरी आल्यावर जोतिबाचा फोटो भिंतीवरून काढला. बायकोनं कारण विचारलं. सांगतो म्हणालो. ती हे आता इथेच वाचेल.

शुभांगीनं सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक झाली, हे छापलं गेलं. दुसरी राहिली आहे. तो अहवाल अजून दप्तरात तसाच आहे, पडद्यावरही लागतो. त्या पानाला माझ्या सहीचा एक कागद जोडायचा आहे. कारखाने चालू होते, मुलं दिवसभर वाट बघत बसली होती, मी गेलो नाही, आणि ते वाक्य कुठल्याही मुलीचं नाही, माझं आहे, एवढंच त्यावर लिहायचं. तो कागद दिला तर माझे बाकीचे अहवाल उघडले जातील, आणि त्यांतले सगळे उघडण्यासारखे नाहीत. कागद लिहून झाला आहे. तारीख घालायची आणि द्यायचा राहिला आहे. तो मी अजून देणं लागतो.